माझ्या उजवीकडचं कुंपण

सेंट गर्ट्रूड, कॅन्सस
१२ मार्च १९६४, गुरुवार

प्रिय आल्बिन,

तू, डोरिस आणि पोरं मजेत असाल. मीही बरी आहे. थंडी संपल्याचं कोंबड्यांनी माझ्याआधी मनावर घेतलंय, अंडी ठेवायला टोपली पुरत नाही. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. आईच्या वळणावर गेलीय, आल्याआल्या बादली लाथाडली.

तुझ्या घराचं धुराडं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, आणि हे पत्र मात्र आधी टपालवाल्याच्या गाडीतून शहरात जाणार, तिथे शिक्का खाणार आणि उद्या तुझ्या पेटीत येऊन पडणार. लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण फोन उचलावा तर सगळ्या शेजाऱ्यांत मिळून असलेल्या आपल्या एकाच लाइनवर शेजारची मिसेस राउप कान लावून बसलेली. परवा मी डॉक्टरांशी बोलत होते, तर मध्येच म्हणाली, "लेनी, जरा मोठ्याने बोल गं." आणि तुझ्या घरी यावं तर मी फाटकात दिसले की तू मागच्या दाराने गोठ्यात जातोस. म्हणून पत्र.

अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे. डावा हात अजून शाळेत जातोय. लागेल तसं लावून वाच.

डोरिसने तुझा निरोप आणला, आणि बरोबर गरम बीरॉक. भाजी-मटण भरलेला पाव हातात असला की निरोप गोड लागतो, असं तुला वाटलं असेल. बीरॉक छान होते. निरोप घशाखाली उतरला नाही. म्हणे, "बर्फाने पाडलेल्या मधल्या कुंपणाचा लेनीचा अर्धा भाग मीच घालतो. तिने कुरण मला चारायला द्यावं आणि शहरात मावशीकडे सुखाने राहावं. आणि ते खड्डे पाडायचं यंत्र भंगारात घालावं."

सुखाने! मावशीच्या घरी दिवसभर परदे ओढलेले असतात आणि ती पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याला लॅटिन प्रार्थना शिकवते. मी तिथे आठवडाभर तरी टिकेन का? आणि माझ्या तावडीत ती कॅनरी?

बाबांनी कुरण दोघांत वाटलं, तो दिवस तुला आठवतो का? आपल्याला मधल्या दगडी खांबापाशी नेलं, तारेच्या अल्याड मी, पल्याड तू. म्हणाले, "समोरासमोर तोंड करा. आता ज्याच्या उजव्या हाताला जेवढं कुंपण, तेवढं त्याचं. घालायचं त्याने, राखायचं त्याने." तू चेष्टेने पाठ फिरवून उभा राहिलास आणि ओरडलास, "बाबा, आता लेनीचाच अर्धा माझ्या उजवीकडे आला!" बाबांनी टोपी काढून तुझ्या टाळक्यात हाणली. "नियम तोंड समोर ठेवणाऱ्यांसाठी आहे, गाढवा!"

परवा मासची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर त्या आगाऊ उर्बानने मला गाठलं. त्याच्या गालात नेहमीप्रमाणे सूर्यफुलाच्या बिया. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय गं लेनी, उजवा हातच राहिला नाही, मग उजवी बाजू तुझी कशी?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यात काही राहिलं नाही म्हणून तू टोपी घालायचं सोडलंस का?" फादर हसले आणि मग खोकल्याचं नाटक केलं. तू पहिल्या बाकावर बसतोस आणि बाजूच्या दाराने निघून जातोस, म्हणून तुला हे ऐकायला मिळालं नाही.

तर माझं उत्तर असं. मेच्या एक तारखेला सगळे आपापली गुरं कुरणात सोडतात. त्या दिवसापर्यंत माझा अर्धा भाग उभा राहिला, तर माझं कुरण माझं, आणि पुन्हा कुणी मावशीचं नाव काढायचं नाही. नाही राहिला, तर कुरण तू घे, मी ट्रंक भरते. लेखी देतेय. डोरिसमार्फत नाही, थेट तुला.

यंत्र भंगारात जाणार नाही. कोटाचं जे झालं ते झालं. त्यात लोखंडाचा काय दोष?

लिओना

ता. क. डोरिसचं ताट परत पाठवतेय. रिकामं पाठवू नये म्हणून अंडी.

---

१५ एप्रिल १९६४, बुधवार

प्रिय आल्बिन,

तुझं उत्तर नाही. ठीक. तुझा ट्रॅक्टर रोज संध्याकाळी टेकडीच्या कडेला येऊन थांबतो, त्यावरून तू जिवंत आहेस हे कळतं. बसल्या जागी सूर्यास्त बघायची हौस तुला आधी नव्हती.

इकडची खबर सांगते. यंत्र गवताच्या गंजीमागून बाहेर काढलं. उंदरांनी त्यात संसार मांडला होता. जमीन पोखरणाऱ्या मोठ्या गिरमिटाचे दात बोथट झाले होते, ते लोहार क्लेमेन्सकडे नेऊन धार लावून आणले. ट्रॅक्टरवर आणखी एक भानगड होती. मागे जोडलेलं यंत्र वर-खाली करायचा दांडा बसणाऱ्याच्या उजव्या हाताशी असतो. माझ्या उजवीकडे तर पिनेने बंद केलेली बाही. क्लेमेन्सने नळी वाकवून तो दांडा सीटच्या पुढून डावीकडे आणून दिला आणि स्टिअरिंगच्या चाकावर एक मूठ बसवली, एका हाताने वळवता यावं म्हणून. काम करताना म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्यांना डावखुऱ्यांची आठवण कशी होत नाही?" मी म्हटलं, "मी कुठे डावखुरी आहे? मला केलंय डावखुरी." असो.

पहिला खड्डा बघायला रस्त्यावर चार गाड्या थांबल्या होत्या. इतकी माणसं तर बाबा गेल्यावर त्यांच्या सामानाच्या लिलावालाही नव्हती.

आता तुला हसू येईल, पण हे यंत्र चालवायला मला या महिन्यातच यायला लागलं. आपल्या घरात ते कुणालाच येत नव्हतं! बाबा काय करायचे? इंजिन भरधाव सोडायचे आणि गिरमिट एकदम जमिनीत खुपसायचे. जमीन टणक असली की कुणाला तरी हाक मारायचे, "ये, दांडीवर भार दे, टोक धर." एक सीटवर, एक गिरमिटापाशी. आपल्याला वाटायचं, हे दोन माणसांचं काम आहे. नाही रे. हे एका माणसाचं काम आहे. गिरमिट फिरत असताना माणूस फक्त सीटवर असतो, आणि बाकी सगळे लांब. दुसरा माणूस नुसता हात द्यायला उभा असतो. मी दिलाच ना.

माझी रीत सांगते. टणक जागेवर आदल्या दिवशी नुसतं टोक टेकवून वाटीएवढा खळगा करते आणि त्यात बादलीभर पाणी ओतून ठेवते. दुसऱ्या दिवशी जमीन लोण्यासारखी नाही, पण बऱ्या माणसासारखी वागते. इंजिन हळू. गिरमिट थोडंसं उतरवायचं, वर उचलून माती झाडायची, पुन्हा थोडंसं. बाळाला भरवतात तसं. उभं सरळ आहे का, हे सीटवरून कळत नाही. म्हणून आधी यंत्र बंद करून खाली उतरते, एकदा मागून आणि एकदा बाजूने बघते, मग चढते. खाली दगडाचा थर लागला की हट्ट करत नाही, खड्डा थोडा सरकवते. आणि बोल्ट मऊ. गिरमिट आणि ते फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यात तुटायलाच केलेला मऊ बोल्ट. दगडावर अडलं की तो तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. माझ्या खिशात बदली बोल्ट असतात, चॉकलेटं ठेवावीत तसे.

एवढं शहाणपण सांगणाऱ्या बाईचं परवा काय झालं ते ऐक. ओढ्याजवळच्या सखल जागेत माती मऊ लागली. मला हाव सुटली. झाडायला न उचलता सरळ खाली सोडलं. चिकणमातीत गिरमिट स्क्रूसारखं आपणहून आत गेलं, ट्रॅक्टर मागे बसायला लागला, इंजिन कण्हलं, आणि कट्! बोल्ट तुटला. दांडा नुसता फिरत राहिला आणि गिरमिट जमिनीत रुतून बसलं.

रस्त्यावरून उर्बान ओरडला, "उतरू का गं? हात देऊ?"

"हात देऊन झालाय माझा! तू बिया खा!"

इंजिन बंद केलं. फिरता दांडा सोडवला. मोठा पाना गिरमिटाच्या डोक्याला लावला, पान्याला नळी अडकवली, नळी छातीला टेकवली आणि घाण्याच्या बैलासारखी उलटी फिरत राहिले. गोल, गोल. चिखलात बूट अडकला, तो तिथेच ठेवला. डोरिस नेमकी तेव्हाच आली. तिच्यावर रागावू नकोस, तिला मी बोलावलं नव्हतं. तिने टोपली खाली ठेवली, स्कर्ट खोचला आणि नळीच्या दुसऱ्या बाजूला लागली. गिरमिट सुटलं तेव्हा आम्ही दोघी चिखलात बसून हसत होतो. हसता हसता ती रडायला लागली. म्हणाली, "आल्बिन काही बोलतच नाही गं. तुझं नाव निघालं की ताटावरून उठतो."

आल्बिन, तो तुटलेला मऊ बोल्ट मी हातात घेऊन बघत राहिले. चटकन तुटला बिचारा. तेवढंच त्याचं काम.

आता लिहिते. इतके दिवस सगळ्यांना सांगत आले की बाबांच्या जुन्या कोटाने घात केला. बाही ढगळ होती, अडकली. डॉक्टरांना तेच सांगितलं, फादरना तेच, मिसेस राउपला तर तीनदा. तू शेजारी उभा राहून ऐकायचास आणि जमिनीकडे बघायचास.

यंत्र गंजीमागून काढलं तेव्हा तो सांध्यात तसाच होता. नांगराचा बोल्ट. टणक, लांब, बाहेर बोटभर आलेला. माझा हात गेला त्या सकाळी मऊ बोल्ट एकामागून एक तुटत होते आणि तू वैतागला होतास. शेवटी खाली वाकून काहीतरी बसवलंस आणि म्हणालास, "आता बघू कसा तुटतो." तो नाही तुटला.

कोट अडकला तो त्या बोल्टला. हे तुला माहीत आहे. मला दवाखान्यात शुद्ध आली त्या दिवसापासून माहीत आहे.

मी रागावलेय का? हो. खूप. पण बोल्टसाठी म्हणशील, तर तो राग आता थकलाय. बाबांनी तुला जे शिकवलं तेच तू केलंस आणि मी तेच केलं. रागावलेय ते त्यानंतरच्या तुझ्या वागण्यावर. त्या दिवशी तूच इंजिन बंद करून उडी मारलीस, तूच पट्ट्याने दंड आवळलास, तूच मांडीवर माझं डोकं घेऊन शहरापर्यंत गाडी हाकलीस आणि सगळा रस्ता "लेनी, बोल, लेनी, बोल" म्हणत राहिलास. मी जगले ती तुझ्यामुळे. हात गेला तोही तुझ्यामुळे. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं फिटत नाही, तू फेडायला बघू नकोस. पण मी बोलायला लागले आणि तू गप्प झालास, हा कुठला न्याय?

आणि आता म्हणतोस, माझं कुंपण तू घालणार. माझी बाजू घेतोस! माझी बाजू घेऊ नकोस, आल्बिन. तेवढी एकच राहिलीय मला.

अजून बरेच खांब बाकी आहेत. उद्या पाऊस नसला तर टेकडीचा चढ.

लिओना

---

२९ एप्रिल १९६४, बुधवार

प्रिय आल्बिन,

डोरिस, पोरं बरी असतील. कालवड आता बादली लाथाडत नाही, थेट मला लाथाडते. प्रगती आहे.

माझा अर्धा भाग उभा आहे.

हे वाक्य लिहून मी उठून चहा करून आले, म्हणजे तुला पुन्हा वाचायला वेळ मिळावा. खांब उभे आहेत, माती ठोकून घट्ट केलीय, तारा ताणल्यात. ठोकणं एका हाताने जमतं, फक्त दुप्पट वेळ आणि दुप्पट शिव्या लागतात. तार ताणताना डोरिसने खिळे धरले, ते कबूल करते. बाकी सगळं मी. उर्बान काल गाडीतून उतरून आला, एकेका खांबाला खांदा लावून ढकलून बघत गेला. एकही हलला नाही. शेवटच्या खांबापाशी बिया थुंकून म्हणाला, "एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात." मी म्हटलं, "टाळी तू वाजव. दोन आहेत ना तुला?" आणि आल्बिन, त्याने खरंच वाजवली. एकटाच, भर कुरणात, टोपी काखेत धरून.

तर मावशीला कळव, कॅनरीचा जीव वाचला.

आता दुसरी गोष्ट. काम करत करत मी मधल्या दगडी खांबापर्यंत पोचले आणि तिथून पुढे नजर टाकली, तुझ्या अर्ध्याकडे. गेले कित्येक दिवस तू टेकडीवरून माझ्या खांबांकडे बघतोयस; तुझे बघितलेस का? ओढ्यापलीकडचे सगळे आडवे आहेत. तार गवतात गेलीय. माझा अर्धा घालून द्यायला निघालेल्या माणसाचा स्वतःचा अर्धा जमिनीवर पडलाय. परवा तुझी गुरं सोडलीस तर ती संध्याकाळपर्यंत मिसेस राउपच्या परसात असतील, आणि ती ते फोनवरून साऱ्या लाइनीला सांगेल.

डोरिस म्हणाली, तू खड्डे पाडायला माणूस शोधतोयस. कुणाचंही असलं यंत्र सुरू झालं की तू तिथून निघून जातोस, म्हणाली. तिने सांगायला नको होतं, मी लिहायला नको होतं. पण आपल्या घरात न सांगण्याचं पीक फार आलंय, कापायला हवं.

यंत्र माझ्याकडे आहे. धार लावलेलं. मऊ बोल्ट खिसाभर. तो नांगराचा बोल्ट मी फेकला नाही, नांगरालाच बसवला. चांगला बोल्ट आहे. त्याची जागा चुकली होती, एवढंच.

तर उद्या हे पत्र तुझ्या पेटीत पडेल. परवा, एक तारखेला, सकाळी दव वाळलं की मी ट्रॅक्टर घेऊन मधल्या दगडापाशी येते. तुझ्या अर्ध्याचे खड्डे मी पाडून देईन. फुकट नाही, कुंपण तुझं आहे, घालणार तू. गिरमिट फिरत असेल तेव्हा तू पार लांब उभा राहायचंस, मी "ये" म्हणेपर्यंत. यंत्र बंद झालं, मी खाली उतरले, की तू खांब आणायचास, उभा करायचास, ठोकायचास. त्यात कुणी कुणाला हात द्यायचा नाही. आपापले वापरायचे. तुझी गुरं तेवढे दिवस माझ्या कुरणात चरतील. चराई तू देशील आणि मी घेईन, उगाच भावासारखा वागू नकोस.

कोट घालून येणार नाही मी. बाही खांद्यापाशी शिवून टाकलीय. बघायला भीती वाटत असेल तर आधीच सांगते, काही नाही तिथे. नुसती मी आहे.

आणि एक. दगडापाशी आलास की आधी समोर तोंड करून उभा राहायचंस. गोठ्याकडे नाही, जमिनीकडे नाही, टेकडीकडे नाही. माझ्याकडे. पाठ फिरवून उभा राहिलास तर माझाच अर्धा तुझ्या उजवीकडे येतो, आणि तो मी कुणाला देणार नाही, तुला तर नाहीच. बाबांची टोपी अजून खुंटीला आहे. घेऊन येईन.

तुझ्या डावीकडची आणि माझ्या उजवीकडची,
लेनी